दोन्हीकडे चालेल अशी

शालिमारला जिन्याखाली माझं दुकान,
साडेसहा बाय आठ.
पाटीवर: कॅसेटची सीडी करून मिळेल.
खाली बारीक अक्षरात लग्न, मुंज, वाढदिवस.
हरवलेल्यांचं काही लिहिलं नव्हतं.

हेमलता दुसाने आल्या त्या दुपारी,
रुमालात कॅसेट, वर रबरबँड.
एका बाजूला पेनाने 'रामकुंड, सिंहस्थ',
दुसरी बाजू कोरी.
म्हणाल्या, दादांचा आवाज आहे.
आईकडे टीव्हीखाली प्लेअर,
निशिकांतकडे मस्कतला कॉम्प्युटर.
दोन्हीकडे चालेल अशी एक करा.
मी म्हटलं, दोन वेगळ्या करू, सोपं पडेल.
त्या म्हणाल्या, एकच.

हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट लावली.
आधी नुसती खरखर.
मग कुणीतरी घसा साफ करतं,
माइकवर टिचकी मारतं:
लक्ष द्या. जळगाव नेऊरच्या सोनाबाई,
हिरवं लुगडं, पायात चप्पल नाही,
असाल तिथून चौकीकडे या.
तुमचे मालक इथे बसलेत.
चहा दिला, घेत नाहीत.

लक्ष द्या. एक मुलगा आहे,
नाव विचारलं तर पप्पू सांगतो.
ज्यांचा पप्पू असेल त्यांनी यावं.
(थोड्या वेळाने, हसू दाबत)
तिघीजणी आल्यात. मुलगा एकच आहे.

पंचेचाळीस मिनिटं.
एक झेरॉक्सवाला पोरगा
दारात उभा राहून ऐकत होता, त्याला हाकललं नाही.

आता यातली मेख.
चकती आतून बाहेर लिहिली जाते,
कुंडात खडा पडावा तशी.
पहिल्या फेरीत आवाज ठेवायचा,
त्या फेरीला कडी लावायची,
मग बाहेरच्या कड्यात फोटो, आणि दादांची वही,
पान पान स्कॅन केलेली:
नाव, गाव, अंगावर काय होतं,
शेवटच्या रकान्यात 'सापडले'.
काही रकाने मोकळे.

टीव्हीखालचा प्लेअर पहिली फेरी वाचतो आणि थांबतो.
पुढे काही आहे
हे त्याच्या गावीही नसतं.
कॉम्प्युटरला सगळं दिसतं.
मी हे जरा चाचरतच सांगितलं, कमीपणा वाटला.
हेमलताबाई म्हणाल्या, तसंच हवंय.
दादा रात्री उठून ते मोकळे रकाने मोजायचे.
आईला आता फक्त आवाज पुरे.

पहिली ब्याण्णव टक्क्यांवर गेली, लोडशेडिंग.
दुसरी प्लेअरवर सुरेख वाजली,
कॉम्प्युटर म्हणाला, रिकामी.
तिसरी नेमकी उलट.
चौथीला वेग सगळ्यात कमी ठेवला,
पंखा बंद, मोबाइल बाहेर घड्याळवाल्याकडे,
घाम पुसत बसलो,
सुईणीसारखा.
त्याच्याच घरच्या प्लेअरवर लावून पाहिली.
सोनाबाई, हिरवं लुगडं.
त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, मग सापडल्या का हो?
मी वही उघडलेली होती. बोललो नाही.

साठ रुपये झाले. शंभराची नोट देऊन त्या गेल्या,
उरलेले मागायलाही वळल्या नाहीत.

बिघडलेल्या चकत्या मी खोक्यात टाकतो.
मोहाडीचा पुंजाराम ढिकले किलोवर नेतो.
मण्यात पाणी उतरलं की बागेत टांगतो,
पाखरं बिचकतात.
माघात त्याच्या पुतणीच्या साखरपुड्याचं शूटिंग होतं,
जेवणं झाल्यावर बागेत गेलो.
रांगेमागून रांग, दोऱ्याला लटकलेल्या,
वारा सुटला की उन्हाचे कवडसे उडवत गिरक्या घेत होत्या.
त्या तिघी कुठल्या, ओळखता येईना.
चमकती बाजू सगळ्यांची सारखीच.
तरी वेलींखाली वाकून उभा राहिलो,
कुणीतरी आता नाव पुकारेल
आणि आपण 'इथे आहे' म्हणायचं, असा.

पुंजाराम मागून म्हणाला,
चार दिवस घाबरतात हो.
मग सरावतात.